पोळ्यांबरोबर कटही द्या

होळी आठवड्यावर आली की डोंबिवलीतल्या पोळीभाजी केंद्रांवर पुठ्ठ्याच्या पाट्या लटकायला लागतात. 'पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतल्या जातील. गुळाची, साखरेची, तेलपोळी.' खाली मोबाइल नंबर, आणि त्याखाली जरा ठळक अक्षरांत, 'आदल्या दिवशी दुपारनंतर ऑर्डर घेतली जाणार नाही.' संध्याकाळी लोकलमधून उतरलेली माणसं घराकडे जाता जाता तिथे थांबतात. वहीत नाव आणि पोळ्यांचा आकडा लिहिला जातो, आगाऊ पैसे दिले जातात, आणि त्या घराचा सणाचा अर्धा स्वयंपाक तिथल्या तिथे ठरून जातो.

आमच्याकडे होळीची पुरणपोळी आता विकतच येते. हे मी कुठलंही कारण न देता लिहिते आहे. कारण आजूबाजूला पाहते तर कारण दिल्याशिवाय कुणी पोळी विकत आणत नाही. 'यंदा जमलंच नाही गं', 'ऑफिसात मार्च एंड होता', 'आईंचे गुडघे फार दुखताहेत'. लिफ्टमध्ये हातातली पिशवी कुणाच्या नजरेस पडली की बायका आपणहून खुलासा द्यायला लागतात. समोरच्या बाईने काही विचारलेलंही नसतं.

श्रीखंडाच्या डब्याबद्दल असा खुलासा कुणी देतं का? गुढीपाडव्याला दही टांगून, चक्का पुरणयंत्रातून काढून श्रीखंड करणारी घरं माझ्या लहानपणी आमच्या चाळीत होती. आता डेअरीतून डबा येतो आणि पंगतीत सगळे तो आवडीने खातात. पापडाचंही तेच. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्याआधी पापड ही घरोघरची उन्हाळ्याची कामगिरी होती. उडदाचं पीठ मुसळाने कुटायचं, तेलाचा हात लावत लाट्या तोडायच्या, शेजारणींना आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन बोलवायचं. आज पापड घरचा नाही म्हणून ताट उणं आहे, असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. दळण तर त्याच्याही आधी जात्यावरून गिरणीत गेलं.

मग पुरणाशी येऊनच गाडी का अडते? मला वाटतं, पुरण आपल्याकडे नुसतं पक्वान्न राहिलेलं नाही. होळीला नैवेद्य पुरणाचा. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आणि सवाष्णीला पुरण. पोळ्याला बैलाच्या तोंडात पहिला घास पुरणपोळीचा. ज्येष्ठा गौरी जेवतात त्या दिवशी पुरण. कुणाचा कुळधर्म असेल तर तिथेही पुरणावरणाचाच स्वयंपाक. घरातल्या बाईने सणावारी काय केलं, हे ज्याने मोजलं जातं ते माप म्हणजे पुरण. एरवी डॉक्टर असो की तहसीलदार, 'पुरणपोळी येते का?' हा प्रश्न तिला लग्नाआधीही विचारला जातो आणि नंतरही.

ते काम किती असतं, हे ज्यांनी फक्त पानात पडलेली पोळी पाहिली आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. हरभऱ्याची डाळ निवडून, धुऊन दोन-तीन तास भिजवायची. भरपूर पाण्यात चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवायची. बोटाने दाबली की तिचं पीठ झालं पाहिजे, पण फुटून पाण्यात विरघळता कामा नये. मग चाळणीत उपसायची आणि खाली भांडं धरून कट गोळा करायचा. डाळ पुन्हा जाड बुडाच्या पातेल्यात, तिच्याबरोबरीने चिरलेला गूळ. गूळ वितळला की सगळं सैल पळीवाढं होतं आणि नवशिकीच्या पोटात गोळा येतो. तिथून ते आटेपर्यंत हात थांबवायचा नाही, कारण एकदा बूड लागलं की करपट वास सगळ्या पुरणाला. शिजताना पुरण फुटफुटतं आणि त्याचे थेंब उडून मनगटावर बसतात. गुळाचा चटका पाण्यासारखा निथळून जात नाही, चिकटून राहतो. पुरणात उभा केलेला डाव उभाच राहिला की उतरवायचं आणि गरम असतानाच यंत्रातून काढायचं, वेलची-जायफळ घालायचं.

एवढं झालं तरी एकही पोळी झालेली नसते. बारीक चाळलेली कणीक, थोडा मैदा, सैल भिजवून तेल लावत मळायची, इतकी की ओढली तर तुटू नये. ती दोन तास मुरते. मग छोट्या पारीत तिच्या दुप्पट पुरण भरून तोंड मिटायचं आणि तांदळाच्या पिठीवर लाटायचं. लाटणं हलक्या हाताने कडेकडेने फिरवावं लागतं, मध्ये जोर पडला की पोळी फाटते आणि पुरण तव्यावर जळतं. बाजूला कटाची आमटी, वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, भजी, कुरडयांचं तळण हे सगळं चालूच असतं, कारण नुसती पोळी केली असं होत नाही.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे सगळं एकहाती करायच्या. पहाटे चारला त्यांच्या खोलीतला दिवा लागायचा. नैवेद्य दाखवून पंगत बसली की त्या तव्याशी उभ्या राहायच्या, कारण पोळी गरमच वाढायची हा त्यांचा शिरस्ता. त्या स्वतः जेवायला बसेपर्यंत कुरडया सादळलेल्या असायच्या. त्यांना त्याचं कधी दुःख होतं असं मला दिसलं नाही. त्यांना त्यांच्या हाताचा अभिमान होता आणि तो रास्त होता. तशी पोळी मी पुन्हा खाल्लेली नाही. पण त्यांच्या हातची पोळी फुगलेली पाहताना घरातल्या कुणाला त्यांच्या पायांकडे बघायचं सुचत नव्हतं, हेही तितकंच खरं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात एक आकडा आहे. स्वतःच्या घरचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, तेच करणाऱ्या पुरुषाची ८८. हा सगळ्या दिवसांचा हिशेब, सणाचा वेगळा काढलेला नाही. आमच्या घरात सणाच्या दिवशी हा आकडा कुठे जायचा ते मला माहीत आहे, आणि तो एकाच माणसाच्या नावावर जमा व्हायचा.

आपण ज्याला घरचं म्हणतो ते नेहमी घरच्याच बाईने केलेलं असायचं, असंही नाही. मोठ्या कार्याला आचारी यायचे. विधवा झालेल्या कितीतरी बायकांनी चार घरच्या पोळ्या लाटून मुलांना शिकवलं, आणि त्या चार घरांत ती पोळी घरचीच म्हणून खाल्ली गेली. खानदेशात पुरणाचे मांडे खापरावर भाजतात. हातांवर झेलत, ताणत, थाळ्याहून मोठा केलेला मांडा उलट्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. ते प्रत्येकीला साधत नाही, म्हणून ज्यांचा हात बसलेला आहे अशा बायकांना लग्नकार्यात मुद्दाम बोलावतात आणि मजुरी देतात. त्यांनी केलेले मांडे विकतचे म्हणून कुणी नाक मुरडत नाही. उलट कोण बाई आली होती, हे लोक नंतरही सांगतात. कर्नाटकात होळिगेची, म्हणजे तिथल्या पुरणपोळीची, स्वतंत्र दुकानं चालतात आणि लोक तव्यावरची गरम होळिगे तिथून बांधून नेतात.

मुंबईच्या गिरणगावात तर खाणावळवाल्या बायकांच्या हातचं खाऊन गिरणी कामगारांच्या पिढ्या जगल्या. त्या बायका घरी जे रांधत होत्या तेच चार पानं जास्त वाढून रांधत होत्या, पण किराण्यासाठी सावकाराच्या दारात उभ्या राहत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. पुरवांना २००२ साली पद्मश्री मिळाली. पोळी लाटणाऱ्या बाईचं नाव बँकेच्या पासबुकावर आलं, ही मला त्या पद्मश्रीहूनही मोठी गोष्ट वाटते.

आमच्या पोळ्या ज्यांच्याकडून येतात त्या ताई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा त्यांनी ऑफिसचे डबे सुरू केले, मग तळमजल्यावरचा एक गाळा भाड्याने घेतला. मी होळीच्या आदल्या रात्री तिथे गेले आहे. शटर अर्धं ओढलेलं, आत दोन मोठे तवे, ताई आणि त्यांच्या दोघी मदतनीस. एक लाट्या भरते, एक लाटते, ताई भाजतात. भाजणं त्या कुणाला देत नाहीत. भाजलेली पोळी डब्यात जात नाही, आधी धुतलेल्या सुती पंचावर एकेक सुटी पसरली जाते. गरम भरली तर वाफ धरते, पाणी सुटतं आणि सकाळी पोळ्या एकमेकींना चिकटतात. सगळ्या भिंतीलगत पंचे, त्यांवर पोळ्या, आणि वरचा पंखा मंद. निवलेल्या पोळ्यांमध्ये बटर पेपर घालून त्या खोक्यात रचतात, खोक्यावर फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर आणि तारीख.

पहिल्या वर्षी खोकं घरी आलं तेव्हा आईंनी चष्मा लावला. एक पोळी हातावर घेतली आणि खिडकीकडे धरली. उजेड सगळीकडून सारखा येतो की कडेला जास्त येतो, हे त्या बघत होत्या. कडेला नुसती कणीक राहिली असेल तर तिथे पांढरं चंद्रकोरीसारखं दिसतं. तसं दिसलं नाही. "काठापर्यंत पुरण आहे," त्या म्हणाल्या. मग एक कोपरा तोडून तोंडात टाकला. "जायफळ ताजं किसलंय."

नैवेद्याचा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःच सोडवला. मला फोन लावायला सांगितला आणि ताईंना सरळ विचारलं, "अंघोळ करून करता ना?"

"काकू, पहिली पोळी आमच्या देवापुढे जाते," ताई म्हणाल्या. "मगच ऑर्डरीच्या बांधायला घेतो."

"मग झालं," आई म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे दिला.

विकतची सगळीच पोळी अशी असते असं मी म्हणत नाही. एका मोठ्या दुकानातल्या चकचकीत पाकिटातली पोळी आमच्याकडे कुणीतरी भेट म्हणून आणली होती. नुसता मैदा, आत नावापुरता पुरणाचा थर, आणि पिवळा रंग असा की हात धुतल्यावरही नखांत राहिला. ती पोळी कुणी केली हे त्या पाकिटाला सांगता येत नव्हतं. अशा पोळीपेक्षा त्या दिवशी शिरा करावा. अमेरिकेतल्या बहिणीला मात्र मी हे सांगू शकत नाही. तिच्या गावात फ्रोझन पोळीच मिळते, ती तव्यावर गरम करते, वर तूप सोडते आणि मुलांना होळीची गोष्ट सांगते. तिथे ती पोळी पुष्कळ आहे.

पोळी विकत आणायला लागलो आणि एक गोष्ट आमच्या घरातून खरोखर हरवली. कट. डाळ आपल्या चुलीवर शिजलीच नाही तर तिचं पाणी कुठून येणार? आणि कटाशिवाय होळीचं जेवण आमच्याकडे जेवणच वाटत नाही. ज्यांनी ही आमटी खाल्ली नाही त्यांना ते कळणं कठीण आहे. डाळीचं ते दाटसर पाणी, त्यात घोटलेलं दोन चमचे पुरण, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि जिऱ्याचं वाटण, चिंचेचा कोळ, गोडा मसाला, कढीपत्त्याची आणि लाल मिरचीची फोडणी. गोड, आंबट, तिखट सगळं एकदम, आणि पातळ, पानात वाहत जाणारं. गोड पोळीचा घास जड व्हायला लागला की वाटीतला एक घोट घ्यायचा आणि पुन्हा पोळीकडे वळायचं. सोलापूर-मराठवाड्याकडे याला येळवणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी ही आमटी जास्त मुरते आणि शिळ्या भाताबरोबर पहिल्या दिवशीहून चांगली लागते. आमच्याकडे पोळी उरली तर चालते, आमटी उरलीच पाहिजे.

पहिल्या वर्षी मूठभर डाळ शिजवून आमटी केली. चवीला बरी होती, पण तिला अंग नव्हतं. किलोभर डाळीतून उतरलेला कट आणि वाटीभर डाळीचं पाणी यांत फरक पडतोच. आई काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.

पुढच्या वर्षी ऑर्डर देताना मी ताईंना विचारलं, "पोळ्यांबरोबर थोडा कट द्याल का?"

त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं आणि हसल्या. "अहो, बादल्या भरतात कटाने. कुणी मागतच नाही. नेणारे पोळ्या नेतात. मी वरच्या मजल्यांवर वाटते, वॉचमनला देते, तरी उरतो." त्या दिवशी मी स्टीलची बरणी घेऊन गेले. ताईंनी ती काठोकाठ भरली, वर डावभर पुरण वेगळ्या वाटीत दिलं, आमटीत घोटायला. पैसे घ्यायला तयार होईनात. मी म्हटलं, कटाचेही लावा, नाहीतर पुढच्या वेळी मागायला संकोच वाटेल. तेव्हा त्यांनी वीस रुपये लावले. आता पाटीवर एक ओळ वाढली आहे, 'आमटीसाठी कट मिळेल, भांडं आणावे', आणि होळीला सकाळी त्यांच्या गाळ्यासमोर किटल्या आणि बरण्या घेतलेली माणसं उभी असतात. माझ्या लेखी डोंबिवलीतलं ते फार सुंदर दृश्य आहे.

भावाबद्दलही लिहिलंच पाहिजे. ताईंची पोळी आता चाळीस रुपयांना आहे. 'एका पोळीचे चाळीस?' हे वाक्य मी रांगेत प्रत्येक वर्षी ऐकते, आणि ते म्हणणारी माणसं पिझ्झ्याच्या दुकानात भाव विचारत नाहीत. डाळ, गूळ, तूप, वेलची, गॅस, गाळ्याचं भाडं, दोघींची मजुरी आणि ताईंची अख्खी रात्र, हे सगळं त्या चाळीसांत बसवायचं आहे. आपल्या आईने तेच काम फुकट केलं म्हणून त्याची किंमत शून्य होती, असा समज आपण कधी पक्का करून घेतला कोण जाणे. मी त्या रांगेत आता गप्प बसत नाही. मोठ्याने म्हणते, "महाग नाहीये, मी घरी करून पाहिली आहे." त्यावर सहसा वाद होत नाही.

आमच्या घरात बदललं ते असं. होळीच्या दिवशी आई पंगतीत बसतात. मी आमटी करते, नवरा पोळ्या तुपावर गरम करून वाढतो, मुलगी भजी तळते. आईंच्या कुरडया कुरकुरीत असतात. जेवताना त्या पूर्वी कधी बोलायच्या नाहीत इतकं बोलतात, कारण पूर्वी त्या जेवायला बसायच्या तेव्हा समोर कुणी उरलेलं नसायचं. माहेरी मिरजेला त्यांच्या आजी पाट्यावर पुरण वाटायच्या आणि नातवंडं पाट्याच्या कडेचं पुरण बोटाने चाटायची, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी होळीच्या ताटावर समजलं.

गौरीला मात्र ताई ऑर्डर घेत नाहीत. त्यांच्या घरीच गौरी बसतात, गाळ्याचं शटर तीन दिवस बंद असतं. त्यामुळे भाद्रपदात पुरण आमच्याकडे घरी शिजतं, आणि ते सगळे मिळून करतात. आई खुर्चीवर बसून डाव उभा राहतो का ते बघतात, नवरा यंत्र फिरवतो, लाट्या मुलगी भरते, लाटते मी. तिची पारी अजून एका बाजूला जाड राहते, ती पोळी तिची तीच आवडीने खाते.

गेल्या वर्षी त्याच संध्याकाळी मी ताईंकडे हळदीकुंकवाला गेले. त्या पाटावर बसल्या होत्या, साताऱ्याहून आलेल्या त्यांच्या जावेने त्यांच्यासमोर ताट ठेवलं होतं, पोळी आणि वाटीत गुळवणी. मला बघून त्यांनी आधी आईंची चौकशी केली, मग विचारलं, "पुरण कसं झालं?" मी म्हटलं, छान झालं, पण यंत्र फिरवून ह्यांचा दंड भरून आलाय.

"एकदम बारीक जाळी लावली असेल," त्या म्हणाल्या. "आधी मोठ्या जाळीतून काढायचं, मग बारीक. दोनदा फिरवावं लागतं, पण हात धरत नाही. सांगा त्यांना."